लोहकेतूचं शेवटचं पान

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. पनवेलजवळ विचुंब्यात माझं रेती-विटा-सिमेंटचं दुकान आहे आणि तिथे येणारे कंत्राटदारसुद्धा माझ्याशी जरा जपूनच बोलतात. तापलो की तोंडात आपोआप गव्हाण गावची बोली येते, कारण मी मूळचा तिथला. पण त्या रविवारी मी तापलो तो रेतीवरून नाही, लोहकेतूवरून.

लोहकेतू कोण ते नव्या मंडळींना सांगायला हवं. आमच्या लहानपणीचा मराठी कॉमिकमधला सुपरहिरो. तोंडावर लोखंडी मुखवटा, छातीवर शेपटीचा तारा आणि पायात साध्या वहाणा. पिवळट कागद, काळी-पांढरी चित्रं. पंचवीस अंक निघाले आणि बंद पडला बिचारा. दोन वर्षांपूर्वी एका नव्या कंपनीने त्याला परत उठवला, तो असा की आईनेसुद्धा ओळखला नसता. आता तो काळे बूट घालतो, पावसात भिजत उभा राहतो, दर चार पानांनी रडतो आणि उरलेल्या पानांत माणसं मारतो. त्याची एक महागडी मूर्तीपण मिळते, अठ्ठावीस सांध्यांची. माझ्या गुडघ्यांचे दोन सांधे धड चालत नाहीत, आणि ह्याला अठ्ठावीस!

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी खांदा कॉलनीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमची कॉमिकवाल्यांची बैठक भरते. वीसेक माणसं येतात. खिडकीकडच्या बाजूला आम्ही जुने बसतो, पंख्याखाली नवे. असं कुणी ठरवलेलं नाही, पण बसतात तसे. नव्यांचा म्होरक्या केतन, चोवीस वर्षांचा, कानात सदानकदा काहीतरी खुपसलेलं.

"काका, वहाणा घालून कोण उडतं?" तो मला दर वेळी विचारतो.

"ज्याला आईने घरात बूट घालून येऊ दिलं नाही तो," मी सांगतो.

पोरगा वाईट नाही. भांडतो, पण ऐकून घेतो. मला मनापासून कुतूहल आहे की ह्या पोरांना रडका लोहकेतू का आवडतो. एकदा विचारलं तर म्हणाला, "काका, जो कधी चुकत नाही त्याच्याबद्दल वाचायचं काय?" मी त्याला चहा आणायला पाठवलं.

तर त्या रविवारी ठरलं असं, की मंडळाची स्वतःची एक मूर्ती करायची. करणार ताहिरा. ती माझ्या दोस्ताची, नझीरची मुलगी. घरीच थ्रीडी प्रिंटरवर मूर्ती काढते, हाताने घासते, रंगवते. काम असं की मुखवट्याचे खिळेसुद्धा मोजून घ्यावेत. कोणता प्रसंग, ह्यावर जुन्या-नव्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं: अंक नववा, 'खाडीचा सूड', शेवटचं पान. लोहकेतू खाडीच्या काठावर, आणि त्याचा दुश्मन दुर्जट खाली चिखलात रुतत चाललाय.

ताहिराने वही उघडली. "चाचा, पोझ सांगा."

"सोपी हाय," मी म्हटलं. "लोहकेतू गुडघ्यावर बसलाय, हात पुढे केलाय, आणि म्हणतोय, 'आधी वर ये. भांडण मग.'"

"झालं ह्याचं सुरू," नझीर बोलला.

नझीर बावीस वर्षं कुवेतला होता, आता पनवेलला मोहल्ल्यात परत आलाय. तो जुना असून पंख्याखाली बसतो, निव्वळ मला चिडवायला.

"ताहिरा, ह्याचं ऐकू नको," तो म्हणाला. "चाळीस वर्षं सांगतोय मी ह्याला. माझ्या मामूने बंबईहून तो अंक आणला होता, मी स्वतः वाचलाय. लोहकेतू हाताची घडी घालून उभा आहे. दुर्जट बुडतो. लोहकेतू म्हणतो, 'खाडी न्याय करील.' खेळ खलास."

"तुझ्या मामूने चष्मा नव्हता आणला का बंबईहून?"

सगळे हसले. तेवढ्यात केतनने मोबाईल पुढे केला. नागपूरच्या कुणा संग्राहकाकडून त्याने त्या पानाचा फोटो मागवला होता. हाताची घडी. 'खाडी न्याय करील.'

"काका, सॉरी हां," केतन म्हणाला. "म्हणजे बघा ना, आमचा नवा लोहकेतू काही बिघडलेला नाहीये. तो पहिल्यापासून असाच होता."

तापलो मी. "मोबाईलवर काय पन बनवतात! मी सोता वाचलंय ते पान. एकदा नाय, पन्नास वेळा! गोदूबाईंच्या वाचनालयात! माजा लोहकेतू कोनाला बुडू देनारा नाय!"

मग मलाच लाज वाटली आणि मी उठून बाहेर आलो.

मागोमाग नझीर आला. दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो. आता इथे आमचं जुनं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे कळायचं नाही.

नझीर आणि मी शाळेत एकमेकांचे वैरी. आठवीत तो लोहकेतूला 'वहाणवाला' म्हणाला म्हणून मी त्याचं दप्तर गटारात टाकलं. त्याने माझा दात पाडला. पुढे दोन वर्षं आम्ही एका रस्त्याने चाललो नाही. दहावीच्या सुट्टीत तो आणि त्याचे दोस्त आमच्या गव्हाणला खाडीवर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला आले. शहरातली पोरं ती, मिठागराच्या बांधापलीकडचा गाळ कसा असतो त्यांना काय ठाऊक! नझीर छातीपर्यंत रुतला आणि भरती सुरू झाली. दोस्त बोंबलत गावाकडे पळाले. मी जवळच होतो. मिठागरावरची एक फळी ओढली, तिच्यावर पालथा पडलो, सरकत गेलो आणि हात दिला. तोंडातून वाक्य आलं, "आधी वर ये. भांडण मग." भांडण आजतागायत चालू आहे, पण त्या दिवसापासून आम्ही दोस्त.

आणि मला का काढलंस, असं नझीरने जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेव्हा मी एकच सांगितलं: लोहकेतूने शिकवलं. त्या पानाने.

"जग्या," नझीर कठड्यावर बोटं वाजवत म्हणाला, "मस्करी सोड. ते पान नव्हतंच, तर मग मला का काढलंस?"

"पान होतं."

"समज, नव्हतं."

"होतं म्हणतो ना!"

"अरे बाबा, माझा जीव आहे तो. कुणाच्या मेहेरबानीने चाललाय, एवढं तरी कळू दे."

त्याने हसत हसत विचारलं, पण मला हसू येईना. कारण मला खरंच माहीत नव्हतं. मी कनवाळू वगैरे माणूस नाही. दुकानात हमालांवर ओरडतो, देवळाच्या कमिटीत भांडतो, भावकीतल्या दोन घरांत माझं जाणं-येणं नाही. हातून एक धड काम झालं होतं, आणि तेही त्या पानाच्या जोरावर. पानच खोटं निघालं तर मी नुसता तापट माणूस उरतो.

चार दिवस दुकानात बसून तोच विचार. माणसं विटा मागत आणि मी रेती लिहून घेई. शेवटी गुरुवारी नझीरला फोन लावला. "चल, गोदूबाईंकडे जाऊ. अंकच आणून तुझ्या तोंडावर मारतो." ताहिरा म्हणाली, मीपण येते, मला मूळ चित्र बघायचंय.

गोदूबाई म्हणजे जुन्या पनवेलात बाजाराजवळ एका खोलीत चालणारं वाचनालय. बाई आणि वाचनालय वेगळे असे आम्हाला ठाऊकच नव्हते. तिथे एक नियम होता, जो मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. पुस्तकाचं पान हरवलं किंवा फाटलं तर दंड नाही. बाई म्हणायच्या, "बस. पान सांग." मग त्या पोराने स्टुलावर बसून त्या पानावर काय होतं ते सांगायचं. बाई कार्बन लावून पुस्तकातल्याच दुसऱ्या चित्रांवरून माणसं उतरवायच्या, हातपाय बदलायच्या, आपल्या टपोऱ्या अक्षरात मजकूर लिहायच्या आणि खळीने पान चिकटवायच्या. त्यामुळे त्यांची पुस्तकं पुरीसारखी फुगलेली असायची. अभिमानाने सांगतो, मी शेकडो पुस्तकं नेली, पण स्टुलावर बसून पान सांगायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. मी पुस्तकं जपायचो. इतका, की शेवटचं पान त्याच दिवशी वाचायचोच नाही. मटणातली नळी शेवटाला ठेवतात तसं दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायचो.

गोदूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. नवीन पनवेलला भाचीकडे असतात. कान गेलेत थोडे, डोळे शाबूत.

"कोण? जगन?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "केवढा सुटलायस रे!"

नझीरला एवढा आनंद झाला की विचारू नका.

कामाचं बोललो. बाईंनी पलंगाखाली बोट दाखवलं. मी फतकल मारून जमिनीवर बसलो आणि पत्र्याची ट्रंक ओढली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणीच आलं. लोहकेतूचे सगळे अंक पाच पाचचे गठ्ठे करून दोऱ्याने शिवलेले. दुसरा गठ्ठा उघडला. सहा, सात, आठ, नऊ. 'खाडीचा सूड'. शेवटचं पान उलटलं.

लोहकेतू गुडघ्यावर बसलेला. हात पुढे. 'आधी वर ये. भांडण मग.'

"बघ!" मी एवढ्यांदा ओरडलो की बाईंची भाची स्वयंपाकघरातून धावत आली. "बघ, नझऱ्या! हाय का नाय? चाळीस वर्सं मला खोटा पाडतोस! लाव त्या केतनला फोन! सांग त्याला, वहाणवाला जिंकला!"

नझीर पानाकडे बघतच राहिला. "या अल्ला," म्हणाला. "आहे की खरंच."

"आता माफी माग. मोठ्याने."

"चाचा, एक मिनिट," ताहिरा म्हणाली. तिने गठ्ठा माझ्या हातातून घेतला, खिडकीपाशी नेला. पानावरून बोट फिरवलं. मग सातवं पान काढलं, परत शेवटचं. "हा हात बघा. सातव्या पानावर लोहकेतू हातात दोर धरतो ना, तोच आहे. बोटंन् बोटं तीच. दोर तेवढा काढून टाकलाय." तिने कागद उजेडात धरला. "आणि कागदपण जाड आहे. ही रेघ छापलेली नाहीये चाचा. कार्बनची आहे."

मला कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

"म्हणजे पान बाईंनी काढलंय," नझीर सावकाश म्हणाला. "कुणीतरी येऊन खोटंच सांगितलं, आणि तू ते खरं समजून वाचत राहिलास."

"असंल कोनीतरी भामटा," मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला. "पोरं काय पन सांगायची."

गोदूबाई मघापासून कानामागे हात धरून ऐकत होत्या. "शिवण उसव की ग," त्या ताहिराला म्हणाल्या. "घडीत नाव असतं. ज्याने पान सांगितलं त्याचं नाव मी घडीत लिहायचे. दुसऱ्या पोरांनी बघून चिडवायला नको म्हणून आत."

ताहिराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने नखाने दोन टाके काढले आणि पानाची घडी उघडली. टपोरं अक्षर, शाई तपकिरी झालेली.

'पान सांगितले: जगन, इयत्ता चौथी, गव्हाण.'

नझीरने ते दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला चिडवलं नाही, आणि मला त्याचा आनंदही घेता येत नव्हता.

"मला आठवत नाय," मी म्हटलं. "बाई, आईशप्पत आठवत नाय."

"तुला कसं आठवेल? नऊ वर्षांचा होतास," बाई म्हणाल्या. "मला आठवतं, कारण आई बरोबर आली होती. बाजारात सुकट-बोंबील विकायला बसायची ती, भामा ना? त्या दिवशी आदल्या दिवशीचं पुस्तक तिच्या टोपलीशेजारी होतं. गिऱ्हाईक घाईत, कागद संपलेला. तिने शेवटचं पान टर्रकन फाडलं आणि सुकट बांधून दिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिला काय कळणार कुठलं पान. तू रडायला लागलास तेव्हा तिला कळलं. तशीच तुला घेऊन आली. म्हणाली, 'बाय, चूक माजी हाय. पोराला काय बोलू नको.'"

आय. माझी आय गेली त्याला अकरा वर्षं झाली. तिने हे मला कधीच सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी ओरडलो असेन तिच्यावर.

"आणि तू ते पान वाचलंच नव्हतंस," बाई हसल्या. "मला लगेच कळलं. वाचलेलं पोर भराभर सांगतं. तू छताकडे बघत, थांबत थांबत सांगत होतास. पण आईला वाईट वाटू नये म्हणून, वाचलंय, वाचलंय, म्हणत राहिलास. म्हटलं, सांगू दे. थाप चांगली होती."

पुढे मीच ती थाप पन्नास वेळा वाचली आणि छापलेलं पान समजून बसलो. एवढा मूर्ख माणूस पनवेल तालुक्यात दुसरा शोधून सापडायचा नाही.

नझीर माझ्याकडे बघत नव्हता. तो बाईंकडे बघत होता. मग जरा पुढे झुकून त्याने विचारलं, अगदी हळू, जणू चौथीतल्या पोरालाच विचारतोय, "बाई, तुम्ही त्याला विचारलं नाही? दुश्मनाला कशाला वाचवतो म्हणून?"

"विचारलं की! मला पण नवल वाटलं. अरे, दुष्ट ना तो, त्याला कशाला वर काढला? तर हा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मलाच अक्कल नाही." बाईंनी माझा तेव्हाचा आवाज काढायचा प्रयत्न केला. "'बाई, आमच्यात खाडीत कोन पडला तर पयला काढतात. मंग इचारतात, कोन तो.'"

मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. माझं म्हणून नाही. आमच्या गावात ते कुणीही बोलतं. आय बोलायची, आजोबा बोलायचे. एकदा आमच्याशी बांधावरून भांडणारा शेजारी भरतीत अडकला तेव्हा माझा बापच फळी घेऊन धावला होता आणि वर काढल्यावर त्यानेच त्याला दोन ठेवून दिल्या होत्या. ही गोष्ट मी विसरूनच गेलो होतो. लोहकेतू मात्र बरोबर लक्षात राहिला.

"म्हणजे," नझीर म्हणाला, "मी कोण आहे हे तू बघितलंच नव्हतंस?"

"चिखलात तुझं थोबाड दिसत होतं कुठे?"

"आणि मी समजत होतो, कॉमिकचे उपकार." त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढला. "कुवेतला नव्या कॉमिकची दुकानं होती यार, चकाचक. मी प्रत्येक दुकानात जाऊन शोधायचो, दुश्मनाला हात देणारा कुणी आहे का. एकही नीट सापडला नाही. म्हटलं, जग्याच्या डोक्यातलाच असेल."

"होताच की," ताहिरा म्हणाली. ती वहीत भराभर काढत होती. "चाचा, मी पोझ ठरवली. हात पुढे. केतन ओरडला तर ओरडू दे. आणि खाली चौथऱ्यावर हेच लिहिणार, घडीतलं."

"नाव नको," मी म्हटलं. "नुसतं गव्हाण लिव."

भाचीने चहा आणला. मी गठ्ठा दोऱ्याने बांधला, ट्रंकेत ठेवला, ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि उठायला गेलो, तर गुडघे धरले. एक हात पलंगावर, एक जमिनीवर, आणि मधेच अडकलो. वर होता येईना, खाली बसता येईना. त्यात तोंडात शिव्या, त्या बाईंसमोर देताही येईनात.

"हसतोस काय नझऱ्या? तुला सांगतो, तुझा मामू तरी खरा कशावरून? मी नागपूरवाल्याला फोन लावनार हाय. त्याच्या पानाची पन घडी उघडून बघायला पायजे..."

नझीर माझ्यासमोर आला, वाकला आणि हात पुढे केला.

"आधी वर ये," तो म्हणाला. "भांडण मग."